मंगळावरचे राजाराणी

“बसमध्ये बसले. चारपर्यंत पोचते,” एवढंच बोलून भवानीबाईंनी नंजनगूडहून फोन ठेवला, आणि कृष्णवेणीनं आधी घड्याळाकडे पाहिलं.

सासूबाई, तिच्या अत्ते, लेकीकडून थेट दसऱ्याला परतणार होत्या. आज नवरात्राचा चौथाच दिवस. म्हणजे तिनं फोनवर टाकलेला बाहुल्यांचा फोटो नंजनगूडला पोचला होता, दुसरं काय!

तिनं वळून पाहिलं. पुढच्या खोलीत नवरात्रात मांडायच्या बाहुल्यांच्या नऊ पायऱ्या नेहमीसारख्या पांढऱ्या कापडानं मढवलेल्या होत्या, पण सगळ्यात वरची पायरी रिकामी होती. तिथं मान पट्टद गोंब्यांचा, म्हणजे लाकडी राजाराणीच्या जोडीचा. म्हैसूरकडे ही जोडी नवरी माहेरून आणते. कृष्णवेणीच्या लग्नात ती द्यायला तिची आई उरली नव्हती. सोळा वर्षं ती सासूबाईंचीच जोडी दर नवरात्रात पुसत आली होती, आणि ती आपली व्हावी असं तिला फार वाटे. जाताना भवानीबाई म्हणाल्या होत्या, “या वर्षी तू एकटी मांड. नीट मांडलीस तर जोडी तुझी. नाही तर तुळशीला देऊन टाकते.” तुळशी म्हणजे नंजनगूडची लेक.

आणि कृष्णवेणीनं नीट मांडायचं सोडून राजाराणीला मंगळावर नेऊन ठेवलं होतं.

त्याला तिचा तरी काय इलाज होता? शाळेत असल्यापासून तिला विज्ञानकथांचं वेड. लग्नानंतर ते वेड पोळपाटाखाली दडपलं गेलं, आणि दोन वर्षांपूर्वी फोनवर ‘नवग्रह कट्टे’ नावाचा ग्रुप सापडल्यावर पुन्हा उफाळून आलं. ग्रुपमध्ये बँकेतले कारकून होते, एक दातांची डॉक्टरीण होती, इंजिनियरिंगची पोरं होती. नवीन पुस्तक आलं की बातमी आधी तिथं, आणि भांडणंही तिथंच. बुधवारी आपलं यान मंगळापाशी पोचलं तेव्हा ग्रुपला नुसतं उधाण आलं. कुणीतरी लिहिलं, या दसऱ्याला घरात मंगळ कोण मांडतंय? “मी!” असं लिहून मोकळी होईपर्यंत कृष्णवेणीला आपण काय कबूल केलं हे कळलंच नाही.

पायऱ्यांच्या पुढ्यात विटांचा चुरा पसरून तिनं मंगळाची जमीन केली. डाळ-तांदळाची पोती घेऊन बसणारा शेट्टी वाण्याचा बाहुला तिथला पहिला किराणा दुकानदार झाला. राजाराणी यानातून नुकतेच उतरलेले, आणि राजाच्या डोक्यावर आइस्क्रीमच्या कपाचं पारदर्शक घुमटासारखं झाकण.

फोटो टाकल्यावर ग्रुपनं भिंग घेऊन तपासला. डॉक्टरीण म्हणाली, आकाश आणखी गुलाबट हवं. कारकुनांना चाकांच्या खुणा खटकल्या. एका पोरानं वाऱ्याची दिशा काढली. ते सगळं तिनं दुरुस्त केलं, तेव्हा कुठे सगळ्यांनी एकमतानं निर्वाळा दिला की आता खोट काढायला जागा नाही. आज पाच वाजता अठरा जण ते बघायला येणार होते.

“अहो, काय करू? उचलून ठेवू का वर?” तिनं नवऱ्याला विचारलं.

फत्तेसिंगरावांचे पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते म्हणतात. फत्तेसिंगराव मात्र आई येतेय म्हटल्यावर चपला शोधू लागले. “मी फुलं घेऊन येतो,” म्हणाले, आणि सटकले.

सव्वातीन झाले. तिनं राजाला हात घातला आणि मागे घेतला. येणारी माणसं मंगळ बघायला येणार होती. त्यांना काय, रिकामा विटांचा चुरा दाखवायचा? पण जोडी गेली तर? पुढच्या वर्षीपासून वरची पायरी कायमची रिकामी राहील, आणि ती आपल्याच कर्मानं. तिला रडू यायला लागलं. राजाला उचल, खाली ठेव, असं करता करता फाटक वाजलं.

भवानीबाई आत आल्या. पाय धुतले. खांद्यावरची पिशवीसुद्धा न उतरवता मांडणीसमोर उभ्या राहिल्या.

“तुळशीनं फोटो दाखवला, बघायला माणसं येणार तेही सांगितलं. मला खरं वाटेना, म्हणून आले.”

“चुकलं, अत्ते. सुम्मने, उगाच हौस म्हणून केलं. आत्ता वर ठेवते.”

“थांब गे.” त्या वाकल्या. राजाच्या डोक्यावरच्या झाकणावर त्यांनी बोट टेकवलं. “हे काय?”

“तिथं आपल्यासारखी हवा नाही, अत्ते,” कृष्णवेणी म्हणाली. “श्वास घेता यावा म्हणून घालतात.”

भवानीबाईंनी राणीला उचललं. पंचावन्न वर्षांपूर्वी, सोळाव्या वर्षी, तिला मांडीवर घेऊन त्या या घरात आल्या होत्या. त्यांनी तिचं तोंड पदरानं पुसलं. आता ही पिशवीत जाणार आणि पिशवी नंजनगूडला, या विचारानं कृष्णवेणीनं डोळे मिटून घेतले.

“माणसं कधी यायची?”

“पाचला.”

“मग उभी काय राहिलीस अशी? आणखी एक झाकण शोध जा,” भवानीबाई म्हणाल्या. “राजानं तेवढा श्वास घ्यायचा, आणि राणीनं काय जन्मभर नाक दाबून बसायचं?”