तिसरा तारा

शनिवारी आभाळात तीन तारे दिसले की आम्हा ज्यूंचा शब्बाथ, आठवड्याचा पवित्र विसाव्याचा दिवस, संपतो. जेरबा बेटावरच्या आमच्या मोहल्ल्यात ते सगळ्यांत आधी बाबांना दिसायचे. "तुमचे डोळे आहेत की बटणं?" असं आम्हाला चिडवायचे.

आज मात्र ते अंगणातून हलेनात.

"बाबा, आभाळ ताऱ्यांनी भरलंय. चला ना आता."

"मला दोनच दिसतायत, झोहरा."

मी लवंगांची डबी पुढे केली. शब्बाथपुरता मिळालेला जास्तीचा आत्मा तारे उगवताच निघून जातो, म्हणून मागे राहिलेल्याला धीर यावा यासाठी आम्ही लवंगा हुंगतो. बाबांनी डबी घेतली, पण उघडली नाही.

दारात शेजारचे चौघे उभे होते. आई दुपारीच गेली होती. शब्बाथ संपेपर्यंत तिला कुणी दफनाला नेणार नव्हतं.