दाढीचा आरसा

कावळ्यांनी नुसता उच्छाद मांडला होता. परसातल्या खुराड्याच्या जाळीवर टपून बसायचे आणि डोळा चुकवून पिल्लू उचलायचे. शेवटी लेक म्हणाली, "आई, बाबांचा दाढीचा आरसा टांग तिथे. चकाकलं की कावळे बिचकतात."

आईने जड मनाने तो टांगला. नवरा हयात असताना परसात दाढी करायचा, तेव्हा याच आरशाने स्वयंपाकघरात कवडसा पाडायचा. तो सरकत सरकत तिच्या नाकावर येऊन थांबला, की समजायचं, स्वारीला चहा हवाय.

"हाक मारायला तोंड नाही का?" ती करवादायची. मग तो हसायचा, आणि नाकावरचा कवडसाही थरथरायचा.

आरसा लागला आणि कावळे फिरकेनासे झाले. पण आज आभाळ भरून आलं. ऊनच नाही, तर आरसा बिचारा काय करणार? कावळे पुन्हा जाळीवर हजर. तिने आरसा काढून आणला, पदराने पुसला आणि ओट्यावर पालथा ठेवला.

वळते तोच समोरच्या भिंतीवर कवडसा.

परसातले कावळे एकदम कलकलाट करत उडाले. कवडसा सावकाश सरकत चहाच्या डब्यावरून आला आणि तिच्या नाकावर थांबला. आरसा पालथाच होता.

"हाक मारायला..." ती कसंबसं पुटपुटली.

कवडसा थरथरला.