विहिरीचा सीन

"खुनीच बदलून टाकला हो!" टॉकीजच्या पायऱ्या उतरता उतरताच लक्ष्मणराव गुरुजी ओरडले, तेव्हा शीतलला मनातून आनंदच झाला. तिच्या यूट्यूब चॅनलला असाच तापलेला माणूस हवा होता.

तेलंगणातल्या उटनूरला मराठी पिक्चर लागतो तो वर्षा-दोन वर्षांतून एखादा. त्यात हा जुन्या, गाजलेल्या रहस्यकादंबरीवरचा. पार नार्नूरपासून माणसं दुपारच्या खेळाला लोटली होती. तोंडाला उन्हाचा स्कार्फ गुंडाळून, एका हातात मोबाइल आणि दुसऱ्यात माइक घेऊन शीतल दारातच उभी होती.

"पुस्तकात नवऱ्यानंच ढकलली ना बायकोले विहिरीत," गुरुजी म्हणाले. "अन् इथं नवरा हिरो! गाणे म्हनून राह्यला. अन् तो डिटेक्टिव्ह? पिस्तूल घेऊन उड्या मारते! पुस्तकातला कधी कोनावर हात नाही उचलत, पोरी. समोरचा बोलते, हा मान डोलावते अन् नुसतं 'मग?' म्हनते. खुनी आपल्याच तोंडानं फासावर जाते."

भाजीवाल्या दीपमालाबाईंना मात्र पिक्चर फार आवडला होता. "मी तं दोन डाव रडली," त्या म्हणाल्या. "अन् पुस्तक कोन वाचते आता, गुरुजी?" गुरुजींनी कपाळावर हात मारून घेतला. शीतल हसली. व्हिडिओ झकास होणार होता.

तिने पुढच्या माणसासमोर माइक धरला आणि हसू जागच्या जागी विरलं. राजकुमार. तिच्या थोरल्या बहिणीचा, रंजीताचा नवरा. शेजारी त्याची नवी बायको, हातात पॉपकॉर्नची पुडी.

दोन वर्षांत गाठ पडली नव्हती. स्कार्फमुळे त्याने तिला ओळखलंही नाही. रंजीता शेतातल्या विहिरीत गेली, त्या दिवशी हा दूर मंचेरियलला होता, असं त्यानंच सांगितलेलं. दुसऱ्या दिवशी आला आणि काठावर डोकं आपटून रडला. पाय घसरला असेल, बिचारी एकटीच होती, असं सगळ्यांनी धरलं. शीतलनेच तेव्हा त्याला दोन घोट पाणी पाजलं होतं.

तिला तिथून निघून जावंसं वाटलं. पण तो तर केसांवरून हात फिरवून कॅमेऱ्यापुढे तयार उभा.

"कसा वाटला पिक्चर?" तिने विचारलं.

"फस्क्लास, मॅडम. नवऱ्यावर काऊन आळ घ्याचा उगाच? बदललं ते बरंच केलं." मग तो जाणकारासारखा हसला. "फक्त विहिरीचा सीन फेल हाय. बुडतानी नवऱ्याच्या नावानं वरडून राह्यली ते. असं नसते. बुडनारी बाई नवऱ्याले नाही हाक मारत."

"तं कोनाले मारते?" नव्या बायकोने लाडात विचारलं.

"बहिनीले. 'चिमे, ये वो चिमे' करते. तीन डाव वर येते, तिन्ही डाव तेच. तिसऱ्या डावाले आवाज नाही निघत. नुसतं तोंड हालते."

चिमी हे शीतलचं लाडाचं नाव. त्या नावाने तिला हाक मारणारं एकच माणूस होतं, आणि ते विहिरीत गेलं होतं.

भर उन्हात शीतलच्या अंगावर सरसरून काटा आला. तिन्ही डाव. म्हणजे हा मंचेरियलला नव्हताच. हा काठावर उभा होता, आणि मोजत होता. ताई मला हाका मारत होती आणि मी याला पाणी पाजलं! त्याच्या नरड्याला धरावं, ऊर फुटेस्तोवर ओरडावं, असं तिला झालं.

मोबाइलवरचा लाल ठिपका चालूच होता. नव्या बायकोचा हात पुडीतच थांबला होता. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती.

शीतलने हात छातीशी घट्ट टेकवून मोबाइल सरळ केला. माइक आणखी थोडा पुढे नेला आणि मान डोलावली.

"मग?" ती म्हणाली.