लग्नाची कुल्फी

फ्रीजर दुरुस्त करायला आलेल्या शर्वरीने त्याचा स्विच बंद केला, त्यावर आपलं कुलूप अडकवलं आणि किल्ली खिशात टाकली.

"अगं, माझ्याच फ्रीजरला कुलूप?" बोंद्रेकाकू कडाडल्या. "आत लग्नाची कुल्फी आहे. वऱ्हाडाला काय बासुंदी पाजू?"

"माझा हात आत असताना कुणी चालू करायला नको. तुम्ही फक्त झाकण उघडू नका," म्हणत शर्वरीने मागच्या नळीला साबणाचा फेस लावला. एका सांध्यावर टपोरा बुडबुडा फुगला. गळती सापडली म्हणून तिला कोण आनंद!

तेवढ्यात पाठीमागे काडेपेटी खुळखुळली. काकूंच्या हातात कापराचं तबक होतं. "नवं यंत्र पहिल्यांदाच उघडलंयस. ओवाळून घेते."

शर्वरीने झडप घालून काडेपेटी फेसाच्या भांड्यात बुडवली. "काकू, यातला गॅस स्वयंपाकाच्या गॅससारखाच पेटतो!"

काकूंनी एकदा बुडबुड्याकडे पाहिलं, एकदा कापराकडे, आणि स्वतःच धावत जाऊन दारं-खिडक्या उघडल्या.

दुपारी नवी नळी बसली, गॅस भरला आणि वऱ्हाड येण्याआधी कुल्फी पुन्हा दगडासारखी घट्ट झाली. काकूंनी या खेपेस फ्रीजरला नुसतं हळदकुंकू वाहिलं. मग जरा विचार करून उरलेली चिमूट शर्वरीच्या कुलपालाही.