चढ नसलेली फेरी

शनिवार, ४ मे २०२४, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. आयर्लंडमधल्या लिमरिकला लेकीच्या घरी निवृत्त अभियंता नंदकुमारांनी इटलीच्या डोंगराळ किनाऱ्यावरच्या सायकलफेरीचा नववा नकाशा पत्नीपुढे पसरला. आधीचे आठ सुचित्राबाईंनी एकाच वाक्यात परतवले होते: "चढ असेल तर मी येणार नाही."

"अहो, यातही चढ आहेच की!"

"अगं, फेरी जिथून निघते तिथेच परत येते. जेवढा उतार, तेवढाच चढ. हे शास्त्र आहे."

"मग दोन सीटांची एकच सायकल घ्या. पुढे बसून तुम्ही शास्त्र सांभाळा, मागे बसून मी समुद्र बघते."

नंदकुमारांनी हात टेकले आणि नकाशाखाली सुवाच्य अक्षरांत नोंदवले: प्रवासी दोन, चढ सहाशे चाळीस मीटर, पॅडल मारणारे पाय दोन.