एकाच कापडाच्या पिशव्या

गणिताच्या तासाला लोखंडी कपाट गुरगुरलं.

"बाई, कपाटाच्या पोटात कावळे ओरडताहेत!" मागून कुणीतरी म्हणालं आणि वर्ग खिदळला.

बाईंनी फळ्याकडून मान वळवली. सकाळी प्रत्येकाने फोन बंद करून कपाटात ठेवायचा, तो शाळा सुटताना घ्यायचा, हा नवा नियम. नियम वरून आलेला, पण राबवायचा बाईंनी. किल्ली त्यांच्याच गळ्यातल्या दोरीला.

"कुणाचा चालू राहिलाय?"

आवाज थांबला. बाईंनी खडू उचलला, तेवढ्यात पुन्हा सुरू.

खिडकीजवळची मुलगी उभी राहिली. एरवी हाक मारली तरी मान वर न करणारी.

"माझा आहे, बाई. मी मुद्दाम चालू ठेवला."

"मुद्दाम? आणि वर तोंड करून सांगतेस?"

"बाबा दवाखान्यात आहेत. ते शुद्धीवर आले की काका फोन त्यांच्या कानाशी धरणार आहेत. मला बोलायचंय."

"अगं, मग सकाळीच सांगायचं नाहीस का?"

"काल तुम्ही म्हणालात, उद्यापासून एकही सबब ऐकणार नाही."

बाईंचा हात गळ्यातल्या दोरीकडे गेला. घाईत किल्ली उलटी लागली, मग सुलटी लागली. कपाट उघडलं तर आत सगळ्या पिशव्या सारख्या, निळ्या. कुणाचा फोन भारी, कुणाचा तडा गेलेला, हे एकमेकांना दिसू नये म्हणून बाईंनीच एकाच कापडातून शिवून घेतल्या होत्या. नावंसुद्धा आतल्या बाजूला. पत्र्याचा कप्पा थरथरत होता, आणि त्याच्याबरोबर साऱ्याच पिशव्या.

बाई एक उचलत, कानाशी नेत, टाकत. दुसरी. तिसरी. "देवा, सापडू दे रे," त्या पुटपुटल्या. मुलगी धावत आली, तिनेही हात घातला. आता वर्गात कुणी हसत नव्हतं.

थरथर थांबली.

मग सगळं शोधणं निवांत झालं. एकेक नाडी सोडून, आतलं नाव वाचून. आपली पिशवी मुलीलाच सापडली.

"लाव, लगेच लाव काकांना," बाई म्हणाल्या.

तिने फोन बाहेर काढला. पडद्यावर काकांचा निरोप आला होता, एका ओळीचा. तिने तो वाचला. पुन्हा वाचला. मग कडेचं बटण दाबून धरलं, पडदा काळा होईपर्यंत. फोन पिशवीत घातला, नाडी ओढली, गाठ मारली आणि पिशवी दोन्ही हातांनी बाईंपुढे धरली.

"केला बंद, बाई. आता नाही वाजायचा."