कासरा

लेक तापानं फणफणली होती. उकंडरावानं तिला गाडीत निजवलं, अंगावर पटकीच्या साथीत गेलेल्या तिच्या आईचं लुगडं घातलं आणि हिंगोलीच्या दवाखान्याकडं बैल हाकले. “बा, मामाच्या गावाला चाललो का?” तिनं ग्लानीत विचारलं. “न्हाई माय, डाक्टरकडं.” पण त्या प्रश्नासरशी त्याचं ध्यान बायकोकडं गेलं. माहेरी जाताना ती अशीच मागं बसून बोलत राहायची आणि तो नुसता हुंकार भरायचा. तिच्या आठवणीत हातातला कासरा कधी सैल पडला, त्याला कळलं नाही. बैल थांबले तेव्हा तो भानावर आला. समोर नरसीतलं सासऱ्याचं दार होतं. फाट्यावर बैलांनी सवयीची वाट धरली होती. सासू भाकरतुकडा घेऊन लगबगीनं बाहेर आली. ओवाळताना तिचा हात नातीच्या गालाला लागला. “जावईबापू, लेकरू गार काहून पडलं?” उकंडरावानं आता कासरा घट्ट धरला होता.